नाव नसलेली भांडी

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये मी लग्न होऊन आले ती माहेरची भांडी घेऊन. प्रत्येक भांड्यावर माझं नाव, वडिलांचं नाव, लग्नाची तारीख. वाटीसुद्धा सुटली नव्हती. शेजारच्या शेवंताबाईंनी पहिल्याच दिवशी माझं पातेलं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "वैनी, एवढी नावं कशापायी? पळून जात्यात व्हय भांडी?" मला रागच आला होता.

त्या शिरूर तालुक्यातल्या केंदूरच्या. त्यांचे यजमान, आप्पा, लोको शेडमध्ये फिटर. त्यांच्या घरातल्या एकाही भांड्यावर नाव नव्हतं. "नाव घातलं की भांडं घरी बसतंया," असं त्या म्हणत. त्यांची भांडी मुळी घरी बसतच नसत. कुणाच्या बारशाला मोठं पातेलं, कुणाच्या आजारपणात पेजेची तपेली, आणि परत मागायची पद्धतच नाही. स्वतःला कढई लागली की खुशाल माझ्या ओट्यावरची उचलून नेत आणि वर मलाच दटावत, "तळ काळा झालाय, घासत न्हाई व्हय?"

त्यांना मूल नव्हतं. बरीच वर्षं वाट पाहून, बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर, त्यांनी पुण्याच्या एका अनाथाश्रमात अर्ज केला. तिथली सुमन नावाची तीन वर्षांची मुलगी दोघांनी पाहिली होती आणि तिच्यावर जीव जडला होता. आता आश्रमाच्या बाई घर बघायला येणार होत्या. घर पसंत पडलं तरच सुमन मिळणार. शेवंताबाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं.

लग्नाच्या मुलीला बघायला पाहुणे यावेत तशी आमची क्वार्टर्सची सगळी लाइन कामाला लागली. कुणी खुर्च्या देऊ केल्या, कुणी भिंतीवरचं घड्याळ, मी माझे पडदे. त्यांनी सगळं परत पाठवलं. "उसनं घर दावून पोर आनायची न्हाई. हाय त्येच दावनार." आप्पांनी भिंतींना चुना दिला, त्यात नीळ अंमळ जास्तच पडली. इथवर सगळं ठीक होतं. पण आदल्या संध्याकाळी शेवंताबाईंच्या डोक्यात शिरलं की खोल्या लहान दिसतात, पोरीला खेळायला जागा दिसली पाहिजे. झालं! गाद्या आमच्याकडे, धान्याचे डबे पलीकडे गार्डसाहेबांकडे, भांडी जिथं मावतील तिथं. मी म्हटलं, "अहो, थोडं तरी राहू द्या." ऐकतील तर शपथ.

सकाळी आश्रमाच्या बाई आल्या. दोन्ही खोल्या फिरल्या, मोकळ्या फळीकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही इथंच राहता ना? मुलगी जेवणार कशात? झोपणार कशावर?"

आयुष्यभर ज्यांनी कुणाचं ऐकून घेतलं नाही, त्या शेवंताबाई पदरानं रिकामी फळीच पुसू लागल्या. आप्पा मान खाली घालून उभे. मी दारातच होते. धावत जाऊन गादी आणली, पातेली आणली. मला पाहून आख्खी लाइन डबे, हंडे, तवे घेऊन येऊ लागली. बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी एक पातेलं उचलून पाहिलं. "यावर तर नावच नाही. हे सगळं आत्ता शेजाऱ्यांकडून आणलंत?"

आता मला राहवेना. "बाई, आमच्या प्रत्येकीच्या भांड्यावर नाव आहे. या लायनीत बिननावाचं भांडं म्हणजे शेवंताबाईंचंच. चला, माझ्या घरापासून बघा."

त्या खरंच आल्या. माझी मांडणी पाहिली, गार्डसाहेबांची पाहिली. तिथं शेवंताबाईंची एक परात निघाली, गेल्या दिवाळीपासूनची. बाई हसल्या. परत येऊन जमिनीवरच बसल्या आणि चहा मागितला.

"ह्या घरात पोर उपाशी न्हाई राहायची, बाई," शेवंताबाई कशाबशा म्हणाल्या. "मी न्हाई तर वैनी घालंल."

"ते दिसलंच मला," बाई म्हणाल्या. "फक्त एक करा. आश्रमात सगळं सगळ्यांचं असतं. तिच्या एका तरी भांड्यावर तिचं नाव घाला."

त्याच दुपारी शेवंताबाई बाजारात भांडेवाल्याकडे जाऊन बसल्या, आणि नाव कोरून होईपर्यंत उठल्या नाहीत. पितळी फुलपात्र होतं. सुमन पुढच्या महिन्यात आली ती त्यातूनच दूध प्यायली.

आप्पा रिटायर झाल्यावर ती मंडळी केंदूरला गेली. शेवंताबाई वारल्याचं कळलं तेव्हा मी केंदूरला गेले. खूप रडले, लपवत नाही. दिवस झाल्यावर सुमन आईची भांडी गावात वाटत होती. आईनंच तसं सांगून ठेवलं होतं. मला तिनं मोठं पातेलं दिलं. तिच्याजवळ ते फुलपात्र दिसलं, म्हणून मी सहज हात पुढे केला.

सुमननं ते पदराखाली घेतलं. "ह्ये न्हाई, मावशी," ती म्हणाली. "ह्ये माजं हाय."