तारल्यांवरचं फडकं

मला लंगडत येताना पाहिलं आणि हौसामावशीने तारल्यांच्या टोपलीवर ओलं फडकं टाकलं. मासळीबाजारात गिऱ्हाईक दिसलं की फडकं उचलतात. झाकताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"अंगठा ना?" तिने विचारलं.

कालच डॉक्टरांनी गाउट म्हणून सांगितलं होतं आणि तारल्या बंद केल्या होत्या. त्याआधी प्रश्नांची सरबत्ती झाली: वय काय, वजन किती वाढलं, बिअर किती घेता, रक्तदाबाची गोळी कोणती, घरात कुणाला होतं का? युरिक ॲसिडचा आकडा आला तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. मावशीला माझी चाल पुरली. तीस वर्षांपूर्वी याच ओट्यापुढे माझे वडील असेच टाच टेकवत, अंगठा हवेत धरून यायचे. त्यांचा गोरा रंग मला मिळाला नाही, गोड गळाही नाही; मिळाला तो हा टोमॅटोसारखा अंगठा. माणूस आरशात वडिलांचे नाक-डोळे शोधतो, आणि वडील पायाच्या टोकाशी येऊन बसलेले असतात. ठणका असूनही मला जरा ऐट वाटली.

"एकच वाटा दे ना," मी लाडीगोडी लावली.

"नाय देनार. जा, दुधी घे जा."

कोळीण गिऱ्हाइकाला भाजीबाजारात धाडत होती! मला हसू फुटलं. "अगं, मग तुझा धंदा कसा चालायचा?"

तिने फडक्याची कडा नीट खोचली. "तुझ्या बापाला मागेल तेवढ्या दिल्या. मग त्याचं बाजारात येनंच बंद झालं. तू येत राहा."