मामांच्या माहेरवाशिणी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे मामा म्हणत. पाठ वळली की डासमामा. हिवतापाचा जंतू कोणत्या जातीच्या डासात वाढतो आणि कोणत्या जातीत वाढत नाही, याचा शोध तिथे चाले. त्यासाठी लागणारे, जंतू नसलेले डास अंड्यापासून वाढवून द्यायचे, हे मामांचे काम. शेवटच्या खोलीत, दोन दारांच्या आड, जाळीचे पिंजरे ओळीने मांडलेले असत. खोली बारा महिने उबदार आणि दमट. आत पाऊल टाकले की चष्म्यावर वाफ धरायची. खाली पांढऱ्या ट्रेमधल्या पाण्यात अळ्या वळवळत आणि वर पिंजऱ्यात मोठे झालेले डास.

नर डासांना साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा पुरतो. ते चावत नाहीत, दुसरे काही करत नाहीत, गोड चोखत बसतात. मामांनी त्यांना नाव ठेवले होते जावई. चावतात त्या माद्या, कारण रक्त मिळाल्याशिवाय त्यांची अंडी धरत नाहीत. त्या माहेरवाशिणी. एक दिवसाआड मामा बाही वर सारत, पिंजऱ्याच्या कापडी तोंडातून हात आत घालत आणि पुतळ्यासारखे बसून राहत. हात जरा हलला की निम्म्या उपाशीच उठत. दुसऱ्या कुणी हात घातला तर कोपरापर्यंत गांधी यायच्या. मामांच्या कातडीला सवय झालेली. म्हणून रजेचा विषय निघाला की ते म्हणत, "मी गेलो तर पोरींना जेवायला कोण घालेल?"

खरी माहेरवाशीण एकच होती, आणि ती सात वर्षांत आली नव्हती.

लेक बाळंतपणाला आली तेव्हा मामांची बायको हयात नव्हती. मामांनी आपल्या परीने सगळे केले. खाटेवर नवी मच्छरदाणी बांधली, तिच्या कडा गादीखाली नीट खोचल्या. तरी दोन महिन्यांच्या बाळाला हिवताप आलाच. बाळ वाचले. पण दवाखान्यातून घरी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, हा ताप तुमच्या कपड्यांवरून आलाय."

मामांनी समजूत घालायला हवी होती. ते समजावून सांगायला बसले. "अगं, आमच्या डासांना आजारी माणूस चावायला मिळतच नाही. आमच्या डासांत जंतू येणार कुठून? बाळाला चावल्या त्या आमच्या नव्हेत."

"पिंजऱ्यातल्या त्या 'आमच्या'," लेक म्हणाली. "आणि आम्ही कोण?"

दुसऱ्याच दिवशी तिने सामान बांधले.

मामांचे म्हणणे खरे होते, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. नंतर फोन चालू राहिले. "जेवलात?" "जेवलो." "गोळ्या घेता ना?" "घेतो." मग नातू येऊन शाळेतले काहीबाही सांगे आणि मध्येच पळून जाई. मामा फोन कानाशी धरून मागचे आवाज ऐकत बसत: भांडी, नळ, लेकीचे कुणाला तरी हाक मारणे. "ये ना एकदा," ते म्हणत. ती हसून म्हणे, "तुमचं घर भरलेलं आहे की माहेरवाशिणींनी. मला कुठे जागा?" हसू असायचे, पण अर्ध्यावरच तुटायचे. खाटेवरची मच्छरदाणी मामा अधूनमधून धुवत आणि वाळली की परत बांधत. खाटेवर कुणी निजत नव्हते.

एक दिवस प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी नवे यंत्र आणले. काचेच्या भांड्याभोवती कोमट पाणी फिरायचे, भांड्यात रक्तपेढीचे रक्त आणि तळाला पातळ पडदा. डासांनी पडद्यातून प्यायचे. मामांना वाटले, आपली भाकरी गेली. पण माहेरवाशिणी पडद्याकडे फिरकेनात.

मॅडम जरा संकोचून म्हणाल्या, "मामा, तुमचा एक मोजा द्याल का? वापरलेला."

"धुऊन आणतो."

"अहो, धुऊ नका! वासच हवाय."

मोजा भांड्याभोवती गुंडाळला आणि पिंजऱ्यात गर्दी उसळली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मामा बघत राहिले. इतकी वर्षे हात दिला, आणि एका मोज्यावर भागत होते.

त्या संध्याकाळी त्यांनी फोन लावला. सबब संपली होती.

"मी येऊ का गं तुझ्याकडे?"

"आणि त्यांना कोण बघणार?"

"माझा मोजा."

"काय?"

त्यांनी सगळे सांगितले. लेक हसली, या वेळी हसू अर्ध्यावर तुटले नाही. शेवटी म्हणाली, "या. पण आलात की आधी अंघोळ."

मामा निघताना अंघोळ करून निघाले आणि पोचल्यावर पुन्हा केली. अंगात कोरे कपडे घातले. नातू मांडीवर चढायला आला तसे त्यांनी हात मागे घेतले आणि लेकीकडे पाहिले. तिने पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि चहा आणायला गेली.

संध्याकाळी तिघे गॅलरीत बसले होते. एक डास मामांच्या हातावर येऊन बसला. ही घरगुती साधी जात, हिवतापाशी हिचा संबंध नाही, हे त्यांनी बघताक्षणी ओळखले. पण या वेळी बोलले नाहीत. सवयीने हात मात्र स्थिर ठेवला.

नातू ओरडला, "आजोबा, मारा ना! आई, बघ, आजोबा तिला पिऊ देतायत!"

लेक उठून जवळ आली. "हलू नका," म्हणाली, आणि फटकन चापट बसली. हातावर रक्ताचा लहानसा ठिपका उमटला.

"ही तुमची नव्हती, बाबा. ही आमच्या इकडची," ती म्हणाली. "आमच्यातली मारली तरी चालते."

सात वर्षांनी तिचा हात त्यांच्या हातावर पडला होता, आणि तो उचलायचे तिच्या ध्यानात आले नव्हते. मामा हलले नाहीत. हात जरा हलला की उठून जातात, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते?