वर्षश्राद्धाचा बांगडा

आखातात, रुवैसच्या रिफायनरीत मी पाइप फिटर. माझ्या जोडीचा वेल्डर मेक्सिकोचा, ताबास्को राज्यातला. त्याचा मुलूख म्हणजे नुसतं पाणी. मोठ्या नद्या, दलदल, केळी, कोको, आणि खाली तेल. राजधानी व्हियाएर्मोसा, नावाचा अर्थ म्हणे सुंदर गाव. "नाव तेवढं सुंदर," तो कॅम्पात शिकलेल्या हिंदीत सांगायचा. तेल निघालं, बाहेरचे घुसले, भाडी चढली, तळ्यांत गटारं सोडली. तिथले मूळचे चोंताल लोक शहराबाहेर, आपल्या होड्यांपाशी. एवढं बोलून तो वाळूत थुंकायचा. मीही थुंकायचो. आमच्याभोवती तरी काय वेगळं होतं.

गुरुवारी सुट्टीला मी त्याला शहरात, अल मनखूलला माझ्या घरी आणायचो. ही बांगडे तळायची. तो म्हणायचा, आमच्या नदीत सुसरीच्या तोंडाचा मासा असतो, काठीत खोचून भाजतात. ही हसायची. "भैया, एक बार खिलाओ ना."

मग ही अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी तिला बांगडाच हवा होता. डॉक्टर नको म्हणाला, मुलानं घरात मासा येऊ दिला नाही. तशीच गेली.

वर्षश्राद्धाला इथल्या मराठी मंडळाची माणसं आली. वडे, खीर. हिच्या फोटोखाली बसून शारजात अल मजाजला टॉवरमधले फ्लॅट किती ऐसपैस, हेच चाललं होतं. मला शिसारी आली. तेवढ्यात वेल्डर आला. हातात केळीचं पान, त्यात भाजलेला बांगडा, काठीसकट. त्यांच्याकडे मेलेल्या माणसापुढे त्याच्या आवडीचं ठेवतात. त्याला वाटलं, आपल्यातही तसंच. सरळ फोटोपुढे ठेवला.

"खलास. सगळं बाटवलंन," मंडळाचे सेक्रेटरी उठले.

"बाबा, टेल हिम टु टेक इट अवे," मुलगा म्हणाला.

वेल्डर ओशाळला, पान उचलायला वाकला. मी त्याचा हात धरला.

"राहू दे. सेक्रेटरीसाहेब, तुमच्या ताटात वाढलाय का? तिच्यापुढे आहे. तुम्ही खीर खा."

कुणी पानावर बसलं नाही. पण जाताना खिरीचे डबे भरून नेले. बाटलेल्या घरातली खीर चालते त्यांना.

संध्याकाळी फोटोपुढचा बांगडा आम्ही दोघांनी खाल्ला. कडक झाला होता.

"मीठ कमी आहे. तिला चाललं नसतं," मी म्हणालो.

मुलगा आतून मीठ घेऊन आला. मी घेतलं. त्याच्याकडे बघितलं नाही.