चित्रामागची खिडकी

ज्ञानेश्वरीबाईंच्या वर्गात दुपार कधी झाली ते कळायचंच नाही. शाळा भरली की दोन्ही ट्यूब लागत, पंखे गरगरू लागत, आणि सुटेपर्यंत तोच पांढुरका उजेड मुलांच्या डोक्यावर ठिबकत राही. बाहेर समुद्र, सुरूची झाडं, वाळूवर लख्ख ऊन. आत मात्र बारा महिने ढगाळलेलं आभाळ. चौथीची पोरं त्या उजेडात तळाशी गेलेल्या माशांसारखी हळूहळू हलायची. बाईंनाही कधीकधी वाटे, आपण शिकवतोय की झोपेत बोलतोय?

याला कारण त्या स्वतःच होत्या. बाई मूळच्या बीडकडच्या. माहेर माळकरी, घरात मासळीचं भांडं कधी चुलीवर चढलं नव्हतं. नवऱ्याला, सुजितरावांना, तारापूरला कारखान्यात नोकरी लागली म्हणून बोईसरला बिऱ्हाड केलं, आणि बाईंना शाळा मिळाली ती केळव्याच्या अलीकडे, मच्छीमारांच्या गावात. पहिल्याच आठवड्यात पश्चिमेच्या खिडक्यांतून वाळत्या बोंबलांचा वास आत आला आणि बाईंनी पदर नाकाला लावला. कुंपणाला लागूनच वलांड्या होत्या, म्हणजे बांबूच्या उंच मांडवांवर दोऱ्या ताणून केलेली बोंबलांची वाळवणं. बाईंनी निमूटपणे खिडक्या लावून घेतल्या. बंद फळ्या भकास दिसू लागल्या, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत बसून पुठ्ठ्यावर चित्रं रंगवली आणि त्यांवर ठोकली. झाडं, ढग, नदी. आणि मधोमध सगळ्यांत मोठं, हसऱ्या बल्बचं चित्र: वीज वाचवा.

पोरांना वाटलं, शिकायची खोली अशीच असते.

यंदा जिल्ह्याकडून ‘हरित शाळा’ उपक्रम आला. शाळेत वीज कुठे वाया जाते, ते मुलांनीच हिंडून शोधायचं होतं. पोरं वरांड्यातून, ऑफिसातून, पाण्याच्या टाकीपाशी फिरून आली.

“सर बाहेर गेले तरी सरांचा पंखा फिरतो,” महादू म्हणाला.

“तो खुर्चीला वारा घालतो,” मागून कुणीतरी पुस्ती जोडली. वर्ग खिदळला.

मग हेमाली उठली. हळू बोलणारी, केसांना चपचपीत तेल लावलेली मुलगी. “बाई, आपल्या वर्गात सगळ्यात जास्त वीज त्या चित्रानं जाते.”

“कुठल्या गं?”

“वीज वाचवाच्या. त्याच्यामागं खिडकी हाय.”

आता कुणी हसलं नाही. सगळे बाईंकडे बघत होते. बाई उठल्या आणि त्यांनी त्या हसऱ्या बल्बचा पुठ्ठा उचकटला. खाऱ्या हवेनं कडी गंजली होती. डस्टरच्या लाकडानं ठोकून ठोकून ती सैल केली. फळी कुरकुरली आणि ऊन आत आलं. धावत नाही, तर पाहुण्यासारखं, उंबऱ्याशी जरा थबकून. ते फरशीवरून सरकलं, बाकांवर चढलं, वह्यांवर पसरलं. महादूचे डोळे घारे आहेत हे बाईंना त्या दिवशी दिसलं. हेमालीच्या दोन रिबिनींचा लाल रंग एकसारखा नव्हता. खडूची धूळ हवेत तरंगत होती, जणू वर्ग समुद्राच्या तळावर होता आणि वरून कुणी पाणी नितळ केलं होतं. बाईंनी ट्यूब बंद केल्या. कुणाला कळलंही नाही.

उजेडामागोमाग वासही आला. बाईंनी पदर नाकाला लावला आणि शिकवत राहिल्या.

मुख्याध्यापक अंकुश सर खूश झाले. “छान झालं, मॅडम. तपासणीला येणारे लोक हेच बघतात. आता एकच करायचं, त्या वलांड्या तिथून हलवायच्या. शनिवारी शाळा समितीची बैठक आहे. मुलांना, तुम्हाला त्रास होतो, एवढं तुम्ही बोला, बाकी मी बघतो. नारळीच्या वाडीमागे जागा आहे की.”

नारळीच्या वाडीमागे दिवसभर सावली. तिथे बोंबील वाळणार नाहीत, कुजतील, हे बाईंना आता इतक्या वर्षांत कळत होतं. आणि वलांड्या होत्या हेमालीच्या आजीच्या.

ती आजी, हिरा, दुसऱ्याच दिवशी वरांड्यात येऊन बसली. पायरीवर टोपली टेकवून म्हणाली, “बाई, आमी ऐकलं. खिडकी तुमची उघडली नि दार आमचं बंद व्हायचं?”

“हिरामावशी, मी अजून काही बोलले नाही.”

“बोलायला लागतंय कशाला? तीन वर्सं तुमी नाक धरून फाटकातून जाता. ते काय बोलणं नाय?” मग स्वतःच हसली. “आमच्या पोरीला पण शिकवलंय तुमी. घरी येऊन म्हणते, आज्जी, आंगाला वास येतो, साबण दे.”

हिरा टोपली उचलून गेली. हेमाली वर्गात मागच्या बाकावर का बसते, हे बाईंनी कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी बैठक भरली. समितीची माणसं, गावातले चारदोन बाप्ये, कोपऱ्यात हिरा. अंकुश सरांनी सुरुवात करून बाईंकडे बघितलं.

“त्रास होतो,” बाई म्हणाल्या. हिरानं मान खाली घातली. “खोटं कशाला बोलू. दुपारी समुद्राचा वारा फिरला की मला बसवत नाही. म्हणून दुपारनंतर मी वर्ग पूर्वेच्या वरांड्यात घेईन. तिथेही उजेड आहे, पंखा लागत नाही. पण वलांड्या जिथं आहेत तिथंच राहू द्या, सर.”

“मॅडम, तपासणीला लोक येणार आहेत.”

“येऊ द्या. गावात उन्हावर आणि वाऱ्यावर चालणारं सगळ्यांत जुनं काम त्या दोऱ्यांवर चाललंय. ते उन्हातून उठवायचं आणि फाटकावर हरित शाळेची पाटी लावायची, हे मला पोरांना कसं समजावता येईल? हेमालीच मला विचारील.”

कुणीतरी खाकरलं. “सर, बाई बरोबर बोलतात,” मागून एक बाप्या म्हणाला. अंकुश सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. “तुम्हालाच बसायचंय त्या वर्गात,” ते म्हणाले, “तुमची तयारी असेल तर मी कशाला आड येऊ.” आणि पुढचा विषय घेतला.

बैठक सुटल्यावर बाई फाटकाकडे वळल्या नाहीत. कुंपणाच्या मोडक्या जागेतून वाकून पलीकडे गेल्या. जबड्यात जबडा अडकवून दोऱ्यांवर टांगलेले ताजे बोंबील वाऱ्यावर हलत होते. ऊन त्यांच्या गुलाबी अंगातून आरपार येत होतं, वाळूवर पुसटशी हलती सावली पाडत. बाईंनी पदर नाकाला लावला, आणि तसाच धरून त्या ओळींमधून चालत राहिल्या.

“पदर सांभाळ गो बाई,” पलीकडच्या दोरीआडून हिराचा आवाज आला, “ओले हायत, डाग पडंल.”