रक्तपिपासू सरदारांची संकष्टी

चारशे वर्षं जगूनसुद्धा ज्याच्या जिभेचे चोचले संपले नाहीत असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. आता त्यांचं खरं वय तेव्हा पासष्टीच्या आसपास होतं आणि ते डोंबिवली पूर्वेला एका साध्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे, हे मी नाकारत नाही. पण नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यापासून पुढे दर रविवारी दुपारी ते चारशे वर्षांचे होत, माणसांचं रक्त पीत आणि वर तक्रार करत की ह्याला फोडणी नाही. हे कसं झालं ते सांगतो, पण आधी माणूस कळायला हवा.

'भोग' हा शब्द आमच्या घरी देवाच्या नैवेद्यापुरता किंवा फुटक्या नशिबापुरता वापरला जायचा. ह्या गृहस्थांनी तो दिवसभर वापरला. उटणं फक्त दिवाळीला, हे त्यांना मुळात मान्यच नव्हतं. आषाढातल्या मंगळवारीसुद्धा त्यांना वाटलं की उटणं लागायचं. कानात अत्तराचा फाया, अंगात इस्त्रीचा सदरा आणि अशा थाटात स्वारी निघायची कुठे, तर कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला. आंबेवाल्यापुढे ते उकिडवे बसत आणि एकेक फळ हुंगून पुन्हा जागेवर ठेवत. शेवटी आंबेवालाच कंटाळून म्हणायचा, "काका, तुम्हीच बसा इथं, मी घरी जातो." एकदा ठाण्याला कुणाच्या तेराव्याला गेले आणि परत आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "अळूची भाजी काय जमली होती हो!" माझी बहीण शरमेने अर्धी झाली. तर म्हणाले, "अगं, गेलेल्याच्या घरी अन्न गोड लागलं म्हणजे त्याचं चांगलंच झालं असणार." कप्पाळ!

संकष्टी मात्र कडक. टिटवाळ्याला जाऊन गणपतीचं दर्शन आणि चंद्र दिसेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. एवढा खाणारा माणूस उपास कसा करतो, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "अरे, मोदक सगळेच खातात. दिवसभर थांबून मोदक खाऊन बघ कधी. देवाने तेवढ्यासाठीच तर सोय केलीय."

तर अशा माणसाला हृदयाचा झटका आला. निभावले त्यातून, पण डॉक्टरांनी सांगितलं की बायपास करावीच लागेल आणि जितकी लांबवाल तितका धोका. काकांनी साफ नकार दिला. "छाती उघडून बघायला मी काय कपाट आहे?" असं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. त्यात पथ्य! तूप बंद, खोबरं बंद, मीठ चिमटीएवढं, मासे खायचेच तर उकडून. उकडलेला बोंबील! ते ऐकून मलाच गलबलून आलं. काका बोलेनासे झाले. उटणं गेलं, अत्तर गेलं, ताटातली अर्धी पोळी तशीच राहू लागली. ताई आणि भाऊजींनी विनवण्या केल्या, ठाण्याचे नातेवाईक येऊन समजावून गेले, पण ऑपरेशनचं नाव काढलं की हे डोळे मिटून घेत. "सोडूनच दिलंय रे त्यांनी," ताई मला जिन्यात म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "रविवारी तरी येत जा. घरात थोडा आवाज होऊ दे."

आवाजाची व्यवस्था माझ्याकडे तयार होती. माझ्या हेमंत नावाच्या मित्राला त्याच्या भावाने परदेशातून एक जाडजूड पुस्तक पाठवलं होतं. त्यात एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगायचं. अडलं तिथे दहा बाजूंचा फासा टाकायचा. पात्रं कुठली, तर सगळी रक्त पिणारी पिशाच्चं. हेमंत सूत्रधार. भर मे महिन्यात काळा शर्ट घालून यायचा बिचारा. आम्हा चार-पाच मित्रांना खेळायला जागा नव्हती आणि ताईला आवाज हवा होता. तिने एकच अट घातली, "नुसतं बसायचं नाही. वाल सोलून द्यायचे." त्यांच्याकडे रविवारी रात्री वालाचं बिरडं ठरलेलं. मोड आलेल्या वालांची परात आमच्यासमोर येई आणि एकेका दाण्याचं साल काढत आम्ही युरोपातल्या एका भयाण किल्ल्यात शिरत असू.

पहिल्या रविवारी हेमंतने पडदे ओढले, आवाज खोल नेला. "बाहेर दाट धुकं आहे... लांडगे ओरडतायत..." त्याच वेळी खालून भंगारवाला ओरडला. आणि पलंगावरून, कित्येक दिवसांत न ऐकलेला आवाज आला.

"ह्या किल्ल्यात जेवणाची काय व्यवस्था आहे?"

हेमंत म्हणाला, "काका, ती पिशाच्चं आहेत. ती रक्त पितात."

"ते प्यायला झालं रे. जेवायला काय?"

पुढच्या रविवारी काका उठून सतरंजीवर येऊन बसले, परात स्वतःकडे ओढली आणि म्हणाले, "मीही एक पिशाच्च होतो." त्यांनी किल्ला पहिल्याच झटक्यात रद्द केला, तिथली हवा मानवणार नाही म्हणून. त्यांचं पात्र म्हणजे एक सरदार. चारशे वर्षांपूर्वी गलबतातून कल्याणच्या खाडीत उतरला आणि खाडीची कोलंबी खाऊन इथेच राहिला. शीळफाट्याच्या डोंगरात त्याची गुहा. गुहेत झोपाळा, पानाचं तबक, एक गाणारीण आणि दोन आचारी. हेमंत कळवळून म्हणाला, "काका, पिशाच्च एकाकी असतं. शापित असतं." काका म्हणाले, "असेल, पण त्याने उपाशी का राहायचं?"

सरदार कुणाच्या मानेला तोंड लावण्याआधी आंघोळ करायचे. ज्याला चावायचं त्यालाही आंघोळीचं गरम पाणी द्यायचे, घामट मान चालत नसे. पुस्तकात नियम होता की आतून कुणी बोलावल्याशिवाय पिशाच्चाला घरात पाऊल टाकता येत नाही. हेमंतची सगळी भिस्त त्या नियमावर. काका खो खो हसले. "अरे, कल्याणात कुणाचंही दार वाजव. 'कोण हवंय' हे मागाहून विचारतात, आधी 'या, बसा' म्हणतात. वर चहा!" सरदार त्या रविवारी एका आळीतली सगळी घरं करून आले आणि कुणालाच चावले नाहीत, कारण चहापोह्यांनी पोट भरलं होतं.

आणि मग ती प्रसिद्ध दुपार. हेमंतने महिनाभर खपून रचलेला प्रसंग. पिशाच्चांचा शत्रू सरदारांच्या तावडीत सापडलाय, बांधलेला आहे, मान उघडी आहे. आम्ही वाल सोलायचे थांबलो. हेमंत कुजबुजला, "सरदार, काय करणार?" काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आज संकष्टी आहे. चंद्रोदयापर्यंत काही घेणार नाही. त्याला जरा सोडा, हातपाय आखडले असतील." हेमंतने पुस्तक मिटून कपाळाला लावलं. चंद्रोदयापर्यंत शत्रू अर्थातच पळून गेला. जाताना त्याच्याबरोबर डबा दिला होता.

ताईला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे मेल्या, माझ्या सासऱ्यांना पिशाच्च केलंस? सोसायटीतल्या बायकांना काय सांगू?" पण काका त्या रात्री पूर्ण पोळी जेवले. बिनफोडणीचं वरण पुढे आलं तर म्हणाले, "सरदारांनी हे दुष्काळात प्यायलं होतं," आणि प्यायले. त्यानंतर ती पुन्हा रागावली नाही. उलट शनिवारी वाल जरा जास्तच भिजू लागले. सदऱ्याला इस्त्री आली, कानात अत्तर आलं. फक्त ऑपरेशनला 'हो' येईना. डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलं होतं की पावसाळ्याच्या आत झालं तर बरं.

घोळ घातला तो हेमंतने. त्याच्या मनात काही नव्हतं. पुस्तक वाचता वाचता त्याला एक नियम सापडला आणि त्याने तो मोठ्याने वाचला. पिशाच्चाला अन्नाची चव लागत नाही. काहीही खाल्लं तरी तोंडात राख.

काकांचा हात परातीत थांबला. "म्हणजे कोलंबी?"

"राख."

"मोदक?"

"काका, नियमच आहे तसा."

काकांनी हातातला वाल खाली ठेवला, उठले आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. आठवडाभर घरात कुणाशी बोलले नाहीत. ताईचा फोन आला, "काय बोललात रे तुम्ही त्यांना? परत पहिल्यासारखं झालंय." मी तडक हेमंतकडे गेलो. हेमंत तर तो नियम खोडायलाही तयार झाला.

पुढच्या रविवारी आम्ही भीत भीतच गेलो. काका सतरंजीवर आधीच येऊन बसले होते. अंगाला उटण्याचा वास येत होता. म्हणाले, "सरदारांना पुन्हा माणूस व्हायचंय. तुझ्या पुस्तकात सोय आहे का?"

हेमंतने चाळलं. होती. एक भयंकर विधी होता. त्यातून उठला तर माणूस, नाहीतर संपला. फासा ठरवणार. आम्ही सगळे एकदम ओरडलो. "काका, नको! अमर आहात, कशाला उगाच?" खरंच सांगतो, त्या सरदारांवर आमचा जीव जडला होता.

"अमर राहायचं आणि चव नाही," काका म्हणाले. "अरे, गेले सहा महिने मी दुसरं काय करतोय? पलंगावर पडून राख खातोय. हा गाढव चारशे वर्षं तेच करत होता आणि मी त्याला शहाणा समजत होतो." स्वयंपाकघराच्या दारात ताई ओले हात घेऊन उभी होती. काकांनी फासा मुठीत घेतला, फुंकर मारली आणि टाकला. तो सतरंजीवर उडाला आणि थेट वालांच्या परातीत जाऊन पडला. आम्ही सगळे परातीवर तुटून पडलो.

"राहू दे," काका म्हणाले. "काय पडलंय ते बघायचं नाही. सरदार आत गेले, एवढं पुरे." मग दाराकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, उद्या त्या डॉक्टरांना फोन कर. कधी बोलावतात विचार." ताई तिथेच उंबऱ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. काका म्हणाले, "रडतेस काय, वाल सोलून झालेत, घेऊन जा आत."

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टरांनी महिन्याभराने खोबऱ्याला थोडी परवानगी दिली आणि त्या रविवारी काकांच्या पानात वाटीभर बिरडं पडलं. पहिला घास घेऊन त्यांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. भाऊजी घाबरले. काका डोळे न उघडता म्हणाले, "थांबा रे, खातोय."

खेळ पुढे जमला नाही. हेमंत भावाकडे परदेशी गेला, मी नोकरीत अडकलो. काकांना मात्र बरीच वर्षं मिळाली आणि त्यांनी त्यातला एक दिवस वाया घालवला नाही. गेले तेही दुपारचं जेवण व्यवस्थित झाल्यावर, पलंगावर आडवे होऊन. त्याआधी त्यांनी ताईला विचारलं होतं, "संध्याकाळी काय करतेयस?" ती भांडी आवरत होती. म्हणाली, "अजून ठरवलं नाही, बाबा." ताई आजही ते सांगते तेव्हा मधेच थांबते. म्हणते, "एखाद्या चांगल्या पदार्थाचं नाव घ्यायला हवं होतं रे मी. निदान ऐकून तरी गेले असते."