वजनावरची तार

माझ्या थोरल्या मेहुणीबाई ज्या टेबलावर काम करतात ते मुळात जेवणाचे टेबल आहे, ही त्यांच्याविषयीची माझी सर्वांत जुनी तक्रार. त्यांच्याकडे जेवायला गेलेल्या माणसाला ताट मांडीवर घ्यावे लागते, कारण टेबलाचा ताबा सोल्डरिंग आयर्न, भिंग बसवलेला दिवा आणि मृत संगणकांच्या अवयवांनी भरलेले ट्रे यांच्याकडे असतो. घरात सगळे त्यांना ताई म्हणतात. माझ्याहून वयाने मोठ्या असल्यामुळे मीही म्हणतो. शेजारी मात्र ‘कार्डवाल्या बाई’ म्हणतात. त्या नावावर विसंबून एकदा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची कार्डे छापून घ्यायला आले होते. ताईंनी त्यांना बसवून घेतले, चहा दिला, आणि चहा संपेपर्यंत ते गृहस्थ मुलीचे लग्न विसरून जुन्या संगणकांच्या स्लॉटविषयी प्रश्न विचारू लागले होते.

ताई जी कार्डे करतात ती संगणकाच्या पोटातल्या स्लॉटमध्ये उभी बसतात. जुन्या काळच्या संगणकाला प्रिंटर किंवा दुसरे एखादे यंत्र जोडायचे तर असे कार्ड लागायचे. ती बनवणारे कारखाने कधीच बंद पडले आणि कार्डे एकेक करून जळत गेली. ज्यांचे सगळे काम अजून त्या जुन्या संगणकांवर चालते, त्यांनी काय करावे, याचे उत्तर कोणत्याही कंपनीकडे नाही. ताईंकडे आहे. जळालेले कार्ड मिळाले की त्या त्याच्यावरच्या चिप उतरवतात, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतात, तांब्याची प्रत्येक रेषा मीटर लावून तपासतात आणि तोच आराखडा नव्याने काढून बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याकडे पाठवतात. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी मोजमापाच्या उपकरणांच्या दुरुस्ती विभागात काढली. त्या कार्यालयाने आपले जुने संगणक आवारात आणून टाकले तेव्हा त्यांतला एक ताईंनी घरी आणला. माझ्या साडूंनी विचारले, “हा ठेवायचा कुठं?” ताई म्हणाल्या, “तुमच्या खुर्चीवर. तुम्ही तसेही बाल्कनीतच बसता.” साडू तेव्हापासून खरोखरच बाल्कनीत बसतात.

या बाईंच्या स्वभावाचा कणा म्हणजे टापटीप. कुणाच्याही घरी गेल्या तरी भिंतीवरची वाकडी तसबीर सरळ केल्याशिवाय त्या पाण्याला हात लावत नाहीत. पुढे जे घडले ते या सवयीतूनच घडले, म्हणून ती नमूद करतो.

माझी पत्नी अंधांसाठी पुस्तके छापणाऱ्या एका लहान छापखान्यात मुद्रितवाचक आहे. ती जन्मापासून पाहू शकत नाही. छापून आलेले ब्रेलचे पान ती बोटांनी वाचते, समोर बसलेला माणूस मूळ मजकूर मोठ्याने वाचतो, आणि कुठे ठिपका चुकला असेल तर ती त्याला थांबवते. सुट्टीच्या दिवशी हा समोरचा माणूस मी असतो. आयुष्यभर महाविद्यालयात व्याकरण शिकवलेल्या माणसाला तिने जितक्या वेळा थांबवले आहे, तितके कोणत्याही प्राचार्याने थांबवले नसेल. “अहो, स्वल्पविराम गिळू नका, तो छापलाय त्यांनी,” असे ती भर खोलीत म्हणते.

छापखान्यातले ठिपके उठवणारे यंत्र धडधाकट आहे. त्याला मजकूर पुरवणारा संगणक मात्र पुरातन. आपल्या लिपीचे ब्रेल करून देणारा प्रोग्रॅम फक्त त्यातच आहे, आणि तो लिहिणारे सद्गृहस्थ केव्हाच निवर्तले. एका सकाळी त्या संगणकातून धूर निघाला आणि यंत्राला जोडणारे कार्ड जळाले. मी यंत्राच्या कंपनीला फोन केला. तिथल्या तरुणीने अत्यंत गोड आवाजात सांगितले, की हे मॉडेल आता सेवेत नाही. मी विचारले, सेवेत नाही म्हणजे काय, ते तर रोज सेवा करत होते. तिने तेच वाक्य तितक्याच गोडव्याने पुन्हा म्हटले. या देवघेवीत मी एक अख्खी दुपार घालवली, याचा मला आजही खेद नाही. राग मात्र आहे.

छापखान्याचे व्यवस्थापक दुष्ट नाहीत. ते फक्त थकलेले आहेत, आणि थकलेला माणूस दुष्टापेक्षा लवकर निर्णय घेतो. त्यांनी पत्नीला बोलावून सांगितले, “बाई, पुढच्या शुक्रवारी भंगारवाला येतोय. तोवर यंत्रानं एक धड पान काढून दाखवलं तर ठीक. नाहीतर छापखाना बंद करायचा, असं विश्वस्तांचं ठरलंय.” घरी येऊन तिने ते मला सांगितले आणि भाजी चिरायला बसली. ती नेहमी गुणगुणत चिरते. त्या दिवशी फक्त सुरीचा आवाज येत होता. तिच्या बोटांना दिवसभर वाचायला काही नसेल, ही कल्पना मला करवेना. मी ताईंना फोन लावला.

“आणा ते कार्ड,” ताई म्हणाल्या. “आणि भाऊजी, तुम्ही कंपनीला पुन्हा फोन करू नका. ती पोरगी नोकरी सोडेल.”

ताईंनी ते जळके कार्ड टेबलावर पालथे केले, भिंग खाली ओढले आणि तोंड वाकडे केले. कार्डाच्या पाठीवर एक पिवळी तार आडवी गेली होती, दोन ठिकाणी काटकोनात वळवलेली, मध्ये डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेली. तिच्या एका टोकाशी तांब्याची एक रेषा पात्याने खरवडून तोडलेली होती.

“पाहिलंत? कुणीतरी गबाळ्या मिस्त्रीनं ठिगळ लावलंय. चांगल्या आराखड्याची वाट लावली.”

ठिगळांविषयी माझे मत जगजाहीर आहे. रस्ते, अभ्यासक्रम, वाक्ये, सगळीकडे ठिगळेच पाहून माझे अर्धे आयुष्य गेले. ताईंचे आणि माझे एखाद्या बाबतीत एकमत झाले, असे पूर्वी घडल्याचे मला आठवत नाही. त्यांनी तार काढून ट्रेमध्ये टाकली आणि नव्या आराखड्यात ती तुटलेली रेषा पुन्हा अखंड जोडली. “आता हे जसं जन्माला आलं होतं तसं होईल,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघांनी समाधानाने चहा घेतला.

नवे कार्ड आले ते हिरवेगार, नीटनेटके, पाठीवर एकही ओरखडा नाही. गुरुवारी सकाळी आम्ही तिघे छापखान्यात गेलो. ताईंनी कार्ड स्लॉटमध्ये दाबून बसवले, रुंद केबल लावली आणि एका ओळीचा मजकूर पाठवला. यंत्र खडखडले. पत्नीने कागदावर बोट फिरवले आणि ती हसली. व्यवस्थापकांनी टाळी वाजवली. ताईंनी तेवढ्यात भिंतीवरचे कॅलेंडर सरळ केले.

“आता पान काढा,” पत्नी म्हणाली.

भूगोलाच्या पुस्तकातले नद्यांचे पान लावले. मी मूळ मजकूर वाचू लागलो. पहिल्या काही ओळी सुरळीत गेल्या. मग तिचे बोट अडखळले.

“थांबा. इथं ‘नदी’तलं एक अक्षरच नाही. पुढच्या शब्दाची दोन गेलीत. आणि इथून पुढं...” तिने बोट खालपर्यंत नेले. “इथून पुढं नुसती चाळण आहे.”

ताईंनी चिप बदलल्या, केबल बदलली, पुन्हा पान काढले. पुन्हा तेच: सुरुवात निर्दोष आणि नंतर अक्षरे गळालेली. व्यवस्थापक खिडकीशी उभे राहून म्हणाले, “मॅडम, तुम्ही प्रयत्न केलात, त्यातच सगळं आलं.” हे वाक्य माणसे मयताच्या घरी म्हणतात.

दुपारी ताईंच्या घरी कोणी जेवले नाही. साडू बाल्कनीतून आत आले, आमचे चेहरे पाहून परत बाल्कनीत गेले. ताई भिंगाखाली त्याच त्या हिरव्या कार्डाकडे पाहत होत्या. “माझ्या रेषेत चूक नाही,” त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या. पत्नी टेबलाशी बसली होती. तिला हात रिकामे ठेवता येत नाहीत; ती ट्रेमधल्या वस्तू चाचपत होती. एकाएकी तिचा हात थबकला.

“ताई, माझ्या वजनावरची तार इथं कशी आली?”

“कसलं वजन?”

“अगं, माझ्या टेबलावरचं. कागद उडू नयेत म्हणून ठेवते ते. त्याच्या पाठीवर हीच तार आहे. इथं एक वळण, मग इतकं अंतर, मग दुसरं वळण, मधे डिंकाचा थेंब. काही सुचेनासं झालं की मी तिच्यावरच बोट फिरवत बसते. ही तीच आहे.”

“तुझं वजन म्हणजे काय आहे नक्की?” ताईंनी हळू विचारले.

“मला काय माहीत? खरखरीत पत्र्यासारखं काहीतरी. मी कामाला लागले तेव्हापासून टेबलावर आहे.”

मी ते वजन अनेकदा पाहिले होते आणि त्याला कचऱ्याचाच एक प्रकार समजत आलो होतो. मी रिक्षा करून छापखान्यात गेलो आणि ते उचलून आणले. धुळीने काळे पडलेले ते वजन म्हणजे पूर्वी केव्हातरी जळालेले, अगदी तसेच दुसरे कार्ड होते. त्याच्या पाठीवर तशीच पिवळी तार होती, त्याच जागी वळलेली, त्याच जागी चिकटवलेली, आणि तिच्या टोकाशी तीच रेषा तोडलेली.

ताईंनी ट्रेमधली तार तिच्यावर ठेवून पाहिली. केसाचाही फरक नव्हता.

“मिस्त्री नव्हता,” त्या म्हणाल्या. “कारखानाच होता. त्यांचा आराखडाच चुकला होता. कळलं तेव्हा बोर्ड छापून झाले असणार, म्हणून त्यांनी प्रत्येकावर हातानं ही तार लावली. आणि मी शहाणी, ती दुरुस्ती काढून त्यांची चूक पुन्हा नीट जोडून दिली!”

मग त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितले. या कार्डातून एका अक्षराचे सगळे ठिपके आठ तारांवरून एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून जातात. आणखी दोन तारा बोलण्यासाठी असतात: एकीवरून संगणक यंत्राला ‘घ्या’ म्हणतो, दुसरीवरून यंत्र संगणकाला ‘थांबा’ म्हणते. चुकलेल्या आराखड्यात ही ‘थांबा’ची वाट भलतीकडेच जोडलेली होती, त्यामुळे यंत्र कितीही ओरडले तरी संगणकाला ऐकू येत नव्हते. यंत्राच्या पोटात थोडी अक्षरे मावतात, म्हणून पहिल्या ओळी बरोबर आल्या. पोट भरल्यावर बाकीची सांडली.

“म्हणजे न थांबता बोलत सुटायचं, समोरचा थांबा म्हणतोय ते ऐकायचंच नाही,” पत्नी म्हणाली. “ताई, अशी एक तार यांनाही लावून दे.”

बाल्कनीतून साडूंच्या हसण्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत मी तो प्रथमच ऐकला.

ताईंनी आपल्या हिरव्यागार कार्डावर पाते ठेवले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांनी रेषा तोडली, तार वळवली, टोके सोल्डर केली. वळणे मात्र नेमकी काटकोनातच दिली आणि मध्ये थेंबही लावला. “ठिगळ लावायचंच तर सरळ लावीन,” असे म्हणून त्यांनी आयर्न स्टँडवर ठेवले.

शुक्रवारी सकाळी भंगारवाला आपला तराजू घेऊन दारात बसला होता. आत यंत्र खडखडले, थबकले, पुन्हा खडखडले. ते थबकणे ऐकताच ताईंनी माझा हात दाबला. आदल्या दिवशी यंत्र एकदाही थबकले नव्हते. पान बाहेर आले. मी वाचू लागलो. नदी डोंगरातून निघाली, मैदानात आली, तिला दुसऱ्या नद्या मिळाल्या, आणि पत्नीचे बोट माझ्या आवाजाबरोबर ओळीमागून ओळ चालत राहिले. ते कुठेही अडखळले नाही. नदी समुद्राला मिळाली तेव्हा अडखळलो तो मीच.

“अहो, पूर्णविराम राहिला,” ती म्हणाली. “आणि पुढचं पान लावा की.”

व्यवस्थापक खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा गेला नव्हता, पण त्याला टेकायला जागा मिळाली होती. मग त्यांनी बाहेर जाऊन भंगारवाल्याला कोपऱ्यातली मोडकी खुर्ची आणि गळका कूलर दिला. भंगारवाल्याने आत डोकावून, पत्नीने परत आणून ठेवलेल्या वजनाकडे पाहत विचारले, “ते काळं काय आहे टेबलावर? ते पण द्यायचं का?”

“नाही!” दोघी बहिणी एकदम ओरडल्या.

त्या वजनावरून त्यांची तिथेच जुंपली. ताईंना ते हवे होते, कारण त्यावरच्या दोन-तीन चिप अजून जिवंत असण्याची शक्यता होती आणि पुढे-मागे त्या लागतील. पत्नीने ते छातीशी धरले. “तुझ्या ट्रेमध्ये काय कमी मढी आहेत? हे माझं आहे.”

“अगं, निदान पुसून तरी देते. केवढी धूळ आहे त्यावर.”

“ताई, हात लावू नकोस.”

ताईंनी हात मागे घेतला. पत्नीने नद्यांची छापलेली पाने जुळवली, वजन त्यांच्यावर पालथे ठेवले आणि तारेवरून एकदा बोट फिरवून पुढच्या पानासाठी हात पुढे केला. मी पुस्तक उघडले. पर्वतांचे प्रकरण होते. घरी जाईपर्यंत मला तक्रार करण्यासारखे काही आठवले नाही.