धडधड घेऊन धावताना

माझा नवरा गेला तेव्हा मी पंचेचाळिशीत होते आणि मुलींच्या एका शाळेत खो-खो शिकवत होते. तो बाजारातून आला, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली, खुर्चीत बसून छातीवर हात धरला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला होता. आम्हाला मूल नव्हतं. घरात उरलो मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते.

पहिले काही महिने मी बरी होते. निदान लोक तसं म्हणत. शाळा, घर, भेटायला येणारी माणसं यांत दिवस जायचा. मग एका सकाळी मैदानावर मुलींना खांबाला वळसा कसा घालायचा ते दाखवायला म्हणून मी धावले. नेहमीचंच धावणं. पण छाती धडधडायला लागली आणि एकाएकी वाटलं, आता माझी पाळी. हात गार पडले, घशाला कोरड पडली. मी तिथेच मातीत बसले. मुलींनी रिक्षा बोलावली.

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, तुमचं हृदय घोड्यासारखं आहे." मला तेवढ्यापुरतं हायसं वाटलं. दोन दिवसांनी जिना चढताना पुन्हा तेच झालं. मग हळूहळू मी जिनेच टाळायला लागले. मैदानावर खुर्ची टाकून शिट्टी वाजवायची, धावून दाखवायला मोठ्या मुलींना सांगायचं. जिनं आयुष्यभर धावण्यावर पोट भरलं तिला स्वतःच्याच छातीच्या ठोक्यांची भीती वाटत होती.

शेजारच्या बाईनं एका बाबांचा पत्ता दिला. आईंनी तिला दारातच गाठलं.

"माह्या बापानं मले कडेवर घेऊन धम्माची दीक्षा घेतली, ते आता सुनेच्या गळ्यात गंडेदोरे बांधाले का वं?"

त्यांचा इलाज वेगळा होता. रोज संध्याकाळी त्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणतात आणि मग डोळे मिटून बसतात. पूर्वी कधीतरी त्यांनी ध्यानाचं शिबिर केलं होतं. मला म्हणाल्या, "माह्याजवळ बस. श्वासाकडे पाह्यत राह्य. सगळं आपोआप शांत होते."

मी बसले. डोळे मिटले, श्वासाकडे लक्ष दिलं आणि छातीतला एकेक ठोका कानात वाजायला लागला. घाम फुटला. मी उठून पळाले. त्या रात्री मला स्वतःची फार कीव आली. घरातला धर्मसुद्धा मला पेलत नव्हता.

शेवटी त्या डॉक्टरांनीच प्रताप नगरातल्या एका मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. घरी सांगितल्यावर आई चिडल्या.

"डोक्याच्या डॉक्टरकडे? काहून? तू का येडी झाली?"

"मग तुम्हीच चला सोबत. पाहा ती बाई का म्हणते ते."

आणि त्या खरंच आल्या, पदर खोचून, भांडायच्या तयारीनं.

बाई माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माणूस घाबरला तरी छाती धडधडते, धावला तरी धडधडते. तुमच्या शरीराला त्यातला फरक कळेनासा झालाय. तो पुन्हा शिकवायचा. उठा, जागच्या जागी धावा."

"आत्ता? इथं?"

"इथंच. मी आहे, सासूबाई आहेत."

मी धावायला लागले. ठोके वाढले, तशी ती जुनी भीती पोटातून वर चढली. मी थांबणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबू नका. ती वर जाईल, मग स्वतःच खाली येईल. तिला खाली येताना पाहायचंय आपल्याला."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आई उठून उभ्या राहिल्या. "अवं, हेच तं मी सांगून राहिली होती! जे उठते, ते बसते. नाव दे त्याले. म्हण, धडधड आली. धडधड आहे. धडधड गेली."

मी धावतच म्हटलं. धापा टाकत, तुटक शब्दांत. आणि खरंच, भीती एका जागी येऊन थांबली आणि ओसरली. पाय धावतच होते, छाती वाजतच होती, फक्त भीती गेली होती. मी रडत हसत होते.

बाई आईंकडे वळल्या. "तुमचं ध्यान बरोबर आहे. पण घाबरलेल्या माणसाला डोळे मिटून एकदम आत पाठवलं तर तो आणखी घाबरतो. हिला आधी डोळे उघडे ठेवून, धावता धावता करू द्या." आईंनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली.

पुढच्या खेपेला मात्र बाईंनी आईंनाच विचारलं, "मुलासाठी तुम्ही रडलात का?"

"रडून का होते? सगळं अनित्य आहे."

"अनित्य आहे म्हणूनच तर रडू येतं ना, आई."

परतताना ऑटोत आईंनी माझा हात धरला आणि त्या बांध फुटल्यासारख्या रडल्या. लेकाच्या अंत्यविधीलाही ताठ बसून वंदना म्हणणारी ती बाई. ऑटोवाल्यानं गाडी बाजूला घेतली आणि निमूट थांबून राहिला. त्या संध्याकाळी वंदना झाल्यावर त्या पहिल्यांदा लेकाबद्दल बोलल्या. लहानपणी तो भिवापूरला मामाकडे मिरच्यांच्या ढिगावर कसा झोपला आणि दिवसभर कसा बोंबलत होता, ते सांगताना आम्ही दोघी पोट धरून हसलो. माझ्या मनात तेव्हा काहीतरी सैल झालं. तोवर आम्ही दोघी आपापलं दुःख एकमेकींपासून लपवत होतो.

मग रोजचा सराव सुरू झाला. पहाटे मी आमच्या इमारतीचा जिना चढायची, आई वरच्या मजल्यावर उभ्या राहून ओरडायच्या, "नाव दे वं!" जिन्यानंतर गल्ली आणि गल्लीनंतर मैदान. कधी भीती दोन पावलं पुढे असायची आणि मी अर्ध्यातून परत यायची. बाई म्हणायच्या, अर्ध्यापर्यंत गेलात ना? मी संध्याकाळच्या वंदनेलाही पुन्हा बसू लागले, आधी डोळे उघडे ठेवून, नंतर मिटून. सगळ्यांचं भलं होवो असं शेवटी म्हणताना मी माझ्या हृदयाचंही भलं चिंतायला लागले. त्यानं माझं काय वाईट केलं होतं?

शाळेत मी खुर्ची उचलून ठेवून दिली.

त्या हिवाळ्यात शहरात माजी महिला खेळाडूंचे सामने ठरले. माझ्या कॉलेजच्या जुन्या संघातल्या मैत्रिणींनी फोन केला. कुणी आजी झालेली, कुणाच्या गुडघ्याला पट्टा. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या पहाटे जिना दोनदा चढले.

अंतिम सामन्यात शेवटच्या डावात आम्ही जेमतेम पुढे होतो. आमच्याकडून मैदानात मी एकटी उरले होते. वेळ संपेपर्यंत सापडायचं नाही, एवढंच काम. सापडले असते तर सामना हातचा गेला असता. समोरच्या संघातली एक उंच बाई खो घेऊन माझ्यामागे सुटली. मी खांबाला वळसा घातला आणि छाती धडधडली.

मी स्वतःशी म्हटलं, धडधड आली.

भीतीही आली, खोटं कशाला बोलू. पण ती माझ्याबरोबर धावत होती, माझ्यापुढे नव्हती. धडधड आहे. मी हूल दिली, ती बाई चुकली, दुसरीनं सूर मारला, तिची बोटं माझ्या टाचेजवळून मातीत गेली. मैदानाबाहेरून आमच्या आईंचा आवाज साऱ्या गोंगाटावर चढला, "पळ वं पोरी, पळ! सोडू नको!" आणि मला एकदम उमगलं, हा ठोका मरणाचा नाही. हा मी जिवंत असल्याचा आवाज आहे. इतके महिने मी ज्याला घाबरून बसले होते त्याच्याच जोरावर मी धावत होते.

लांब शिट्टी वाजली. मी सापडले नव्हते.

मैत्रिणींनी मला उचललं, म्हणजे प्रयत्न केला आणि सगळ्याजणी मातीत पडल्या. आई गर्दीतून वाट काढत आल्या. शेजारच्या अनोळखी बाईला त्या सांगत होत्या, "सून आहे माही. सून म्हणा का पोरगी म्हणा." मग कुणीतरी ढोल आणला, आणि सत्तरीतल्या आमच्या आई भर मैदानात, चप्पल बाजूला काढून, नाचायला लागल्या.